माईआजी आत का बसली?

(परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

तुमच्या अध्यक्षांनी मला ‘मुंबईची संक्रांत’ यावर बोलायला सांगितलं होतं. गिरगावातून कुणी आलं आहे, चाळीतल्या चार आठवणी सांगेल, एवढीच त्यांची अपेक्षा. पण त्या आठवणी तुमच्यापाशीही आहेत. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची लगबग, बोरन्हाणाला खाली पडलेल्या बोरांवर आणि गोळ्यांवर तुटून पडणारी पोरं, आणि रात्री कुणी काय लुटलं याची चर्चा. तिथी उलटून गेली तरी हॉल मिळेल तो शनिवार धरून, बर्फातून गाड्या काढून, घरी वळलेले लाडू घेऊन तुम्ही जमता, हे बघून मला भरून आलं. तरीही आज मी आठवणींवर बोलणार नाही. इथे लेकीकडे यायला निघण्याआधी आमच्या घरात एक गोष्ट झाली, ती डोक्यातून जात नाही. ती तुमच्याशीच बोलायला हवी असं मला वाटतं. का, ते पुढे सांगते.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. घरात मी, हे, मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळे माई म्हणतात. थोरले दीर गेले तेव्हापासून माई आमच्याकडे असतात. दीर गेल्यावर वर्षभर घरात सण नव्हते. वर्ष सरलं, आणि या संक्रांतीला सुनेने हळदीकुंकू करायचं ठरवलं.

सकाळपासून तीळ भाजणं, गूळ चिरणं, पाक बघणं, सगळं माईंनी केलं. आमच्या घरात तिळगुळाचा पाक त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. वाणाला सुनेने तुळशीची रोपं आणली होती. त्या कुंड्यांना रंगीत कागद बांधले तेही माईंनीच. संध्याकाळी पहिली बेल वाजली आणि माई उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं.

बायका आल्या, हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी सुरू झालं. तिळगुळाचं ताट घेऊन नात फिरत होती. मधेच थांबून ती मोठ्याने म्हणाली, “आजी, माईआजी आत का बसलीय? तिला शिक्षा केलीय का?”

सगळ्या गप्प. शेजारच्या एकीने सावरून घेतलं, “अगं, तिला बरं नाहीये.” नात म्हणाली, “बरी आहे की. आत्ता तर लाडू वळत होती.”

बायका गेल्यावर घरात भांडण झालं. सून म्हणाली, “माईंना आत बसवून मला हे करायचंच नव्हतं. मी म्हणत होते, त्यांच्याच हातून सगळ्यांना कुंकू लावू.” मुलगा म्हणाला, “त्यांची इच्छा नाही, तर तू का जबरदस्ती करतेस?” आवाज चढले. हे उठून बाल्कनीत गेले. मग माई बाहेर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला सुधारणा करायची असेल तर स्वतःवर करा. माझ्यावर करू नका.” सून रडायला लागली. नात एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

या माई साध्यासुध्या बाई नव्हेत. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. महर्षी कर्व्यांबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं आहे, आणि मनापासून शिकवलं आहे. म्हणूनच ते वाक्य मला इतकं लागलं. सुनेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असं मी मानते. आणि माईंचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.

त्या रात्रीपासून मला रखमाबाई आठवते आहे. तिची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण तिचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजींशी लग्न लागलं. ती आईकडेच राहिली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, आणि पुस्तकांच्या नादाला लागली. 1884 साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला, आणि धर्म बुडाला अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांत लोकमान्य टिळकही होते. 1887 मध्ये निकाल फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. विशीतली ती मुलगी म्हणाली, मी तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाली, आणि परत येऊन सुरतेला, राजकोटला तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

आता शेवट. 1904 साली दादाजी वारले. ज्या माणसाच्या घरी पाऊल टाकायला तिने न्यायालयासमोर नकार दिला, त्याच्या मृत्यूनंतर डॉ. रखमाबाईने विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. आणि याच बाईने म्हातारपणी पडदा पद्धत मोडावी म्हणून पुस्तिका लिहिली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही. तुरुंगाची धमकी जिला हलवू शकली नाही, तिच्या आतही कुठेतरी ती रूढी बसलेली होती, किंवा ज्या समाजात रुग्ण बायकांनी तिच्याकडे विश्वासाने यायला हवं होतं त्या समाजाची ती किंमत होती, किंवा तिलाच तसं राहायचं होतं. बाहेरून बघून आपल्याला ठरवता येत नाही. माईंकडे बघतानाही मला हेच होतं. त्यांची इच्छा आहे म्हणून सोडून द्यावं, असं माझा मुलगा म्हणतो. पण त्या इच्छेला पन्नास-साठ वर्षांचं वळण आहे. लहानपणापासून त्यांनी बघितलं की हळदीकुंकवाला काकू आत बसते, आत्या आत बसते, आजी आत बसते. ज्या दिवशी त्यांच्यावर वेळ आली, त्या दिवशी त्यांना कुणी सांगायची गरजच उरली नव्हती.

अजून एक गोष्ट रखमाबाईच्या घरातलीच. तिची आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाली होती, आणि तिने सखाराम अर्जुनांशी पुन्हा लग्न केलं होतं. त्यासाठी तिला कुठली चळवळ करावी लागली नाही, कारण त्यांच्या सुतार समाजात विधवेचं लग्न रूढीला धरूनच होतं. आपल्याकडे कितीतरी जातींत पाट लागत होता, म्होतूर लागत होतं. तेव्हा ‘आपल्या परंपरेत विधवेने असं करायचं नसतं’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाच्या परंपरेत? वरच्या म्हणवणाऱ्या थोड्या घरांची रीत सगळ्यांची म्हणून मिरवली गेली. आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनीही, जरा बरे दिवस आल्यावर, ती उचलली. चार पैसे आले, पोरं शिकली, आणि घरातल्या विधवा बाईचं मोकळेपण गेलं. हे मी माझ्या माहेरी डोळ्यांनी बघितलं आहे.

आमच्या घरापासून थोडं चालत गेलं की प्रार्थना समाजाचं मंदिर आहे. समाज स्थापन झाला 1867 साली. आता बसचा कंडक्टर ‘प्रार्थना समाज’ म्हणून ओरडतो आणि लोक उतरतात, पण तिथे रानडे आणि भांडारकर तुकोबांचे अभंग गात बसायचे. त्यांना धर्म टाकायचा नव्हता. त्यांच्याही आधी विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाची बाजू मांडली ती शास्त्रांचेच आधार काढून. हे सगळे घरातले लोक होते. घरात राहून भांडत होते, आणि घरातच हरतही होते. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी 1873 मध्ये गेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता विधवेशी लग्न करेल, असं सगळ्यांना वाटलं. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही, आणि अकरा वर्षांची रमा घरात आली. तिला त्यांनी शिकवायला घेतलं, तर घरातल्या बायकांनी तिचा छळ मांडला. पुढे 1901 मध्ये रानडे गेले, आणि त्याच रमाबाईंनी वैधव्यात पुण्याचं सेवासदन उभं केलं. शेकडो बायकांना आतल्या खोलीतून बाहेर आणलं. रानडे तेव्हा चुकले असं म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो माणूस आपल्या वडिलांशी भांडला, हरला, आणि तरी त्याने काम सोडलं नाही.

1893 हे साल घ्या. आमच्या गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो त्या वर्षी. आजही तिथली मूर्ती लहानशी असते आणि पालखीतून विसर्जनाला जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ते सदन 1889 मध्ये सुरू झालं होतं मुंबईतच. लग्नानंतर कर्वे मुरुडला गेले तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. आज दोन्ही आपला वारसा म्हणून आपण सांगतो. पण त्या वर्षी जे गणपतीच्या आरतीला उभे होते, त्यांच्यातल्या बहुतेकांनी कर्व्यांच्या घरी पाणी घेतलं नसतं.

आणि आज ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातलं बरंच तर परवाचं आहे. गिरगावातली गुढीपाडव्याची शोभायात्रा तुम्ही फोनवर बघता. नऊवारी नेसून, फेटा बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या मुली. मला ती मनापासून आवडते. ती डोंबिवलीतून सुरू झाली तेव्हा विसावं शतक संपायला आलं होतं. या हॉलमधल्या निम्म्या लोकांपेक्षा ती लहान आहे. म्हणजे आपल्याला नवं काही सुरू करता येतं, आणि पंचवीस वर्षांत ते पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटायलाही लागतं. मग विधवेला हळदीकुंकवाला बाहेर बसवणं एवढं तरी आपल्याला सुरू करता यायला नको?

गावांनी ते करून दाखवलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. कोरोनात कितीतरी तरुण बायकांचे नवरे गेले होते, ते गावाच्या डोळ्यांपुढे होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं करा असं कळवलं. ठरावाने सगळं बदलत नाही, हे मलाही कळतं. पण तिथे गावातल्या पुरुषांना सभेत बसून, हात वर करून, या विषयावर मत द्यावं लागलं. आमच्या घरात पुरुष बाल्कनीत गेले.

याबद्दल मला पुरुष मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत. हळदीकुंकू हा बायकांचा विषय, असं म्हणून तुम्ही बाहेर थांबता. बायको गेलेला माणूस मात्र लग्नात पुढे असतो, सत्यनारायणाला बसतो, गणपतीला आरतीचं ताट हातात घेतो. त्याला कुणी आत बसवलेलं मी पाहिलं नाही. तुमच्या आईने आयुष्यभर सणासुदीचं सगळं केलं, आणि वडील गेल्यावर तिने दार लोटून घेतलं, तर ते दार उघडायला सुनेनेच का जावं? मुलगा का उठत नाही? माझ्या मुलालाही मी हेच विचारलं. तो गप्प बसला. पण मला वाटतं, त्याला लागलं.

आता तुमच्याबद्दल. या मेळाव्याचं निमंत्रण लेकीने मला फोनवर दाखवलं. सुरेख केलं आहे, पतंग, हलवा, सगळं आहे. आणि खाली लिहिलं आहे, हळदीकुंकवाला सुवासिनींनी आवर्जून यावे. ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात वाईट काही नाही, मला माहीत आहे. गेल्या वर्षीचं निमंत्रण काढलं, तारीख बदलली, पाठवलं. पण ते पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हापासून मुंबई पुढे गेली आहे. आमच्या आजूबाजूच्या कितीतरी इमारतींत आता सगळ्या बायकांना बोलावतात. काही ठिकाणी वाण म्हणून पुस्तकं देतात, रोपं देतात, आणि कुणाचा नवरा आहे की नाही हे बघत नाहीत. सगळीकडे नाही, पण होतं आहे. तुम्ही मात्र ज्या साली देश सोडलात त्या सालची संक्रांत बरोबर आणलीत आणि ती जशीच्या तशी ठेवलीत. माणूस घरापासून लांब गेला की जे बरोबर आणलं ते घट्ट धरून ठेवतो. त्यामागचं प्रेम मला दिसतं. पण तिथे त्या रीतीबरोबर भांडणही चालू होतं, आणि ते भांडण तुमच्या सामानात आलं नाही. इथे मंडळात वाद नको, वर्षातून चार वेळा भेटतो तर गोड बोलू, असं सगळ्यांना वाटतं. त्या गोडव्यात कुणीतरी मागच्या मागे राहून जातं.

मघाशी आत येताना मी बघितलं, मागच्या रांगेत, हीटरजवळ, सात-आठ आज्या बसल्या आहेत. मांडीवर सगळ्यांचे कोट, पायाशी नातवंडांच्या पिशव्या. त्यांच्यातल्या काहींशी मी बोलले. बाबा गेल्यावर आई एकटी कशी राहील म्हणून तुम्ही त्यांना इथे घेऊन आलात. तिकीट काढलंत, व्हिसा केलात, विमा काढलात. कुठल्याही मुलाने करावं ते सगळं केलंत. आणि दाराजवळच्या टेबलावर हळदीकुंकवाचं ताट आहे, त्या ताटापर्यंत त्या आल्या नाहीत. टेबलाशी उभ्या असलेल्या ताईंनीही त्यांना हाक मारली नाही. ज्यांच्यासाठी इतकं केलंत, त्यांना दहा पावलं पुढे बोलवायचं मात्र राहिलं.

माझी कार्यकारिणीला कळकळीची विनंती आहे, निमंत्रण बदला. पुढच्या वर्षापासून नको, आजपासून. आणि निमंत्रण बदलून भागणार नाही. एखादी बाई पन्नास वर्षं जे शिकली ते छापील ओळ बदलल्याने विसरत नाही. कुणीतरी तिच्यापर्यंत चालत गेलं पाहिजे, नावाने बोलावलं पाहिजे, आणि ते सगळ्यांसमोर, तिची दया करतो आहोत असं न वाटता केलं पाहिजे.

इथवर मला ठामपणे बोलता येतं. पुढे नाही. समजा तुम्ही गेलात, हात पुढे केलात, आणि ती म्हणाली, “नको गं, मला नको.” मग? एकदा विचारून थांबायचं, की पुन्हा विचारायचं? दुसऱ्यांदा विचारलं तर आग्रह, तिसऱ्यांदा विचारलं तर जाच. आणि न विचारता सोडून दिलं, तर तिला वाटतं, हे सगळे तोंडदेखलं बोलावत होते. आमच्या सुनेने जाहीर केलं आहे की पुढच्या संक्रांतीला एक तर माई बाहेर असतील, नाहीतर घरात हळदीकुंकूच होणार नाही. माई म्हणतात, मग मी त्या दिवशी कोकणात जाते. दोघी एकमेकींवर जीव टाकतात, आणि दोघी हटायला तयार नाहीत. सुनेने हळदीकुंकू बंद केलं तर माझ्या नातीला ते मिळणारच नाही, आणि चालू ठेवलं तर कुणाला आत बसवून मिळणार, हा प्रश्न आहे. तुमच्यातल्या काही मुली कॉलेजला गेल्यापासून मंडळात येत नाहीत, अशी तक्रार मघाशी दोघीतिघींनी केली. त्या मुलींना कुणी विचारलं आहे का, त्यांनी लहानपणी इथे काय बघितलं?

या आज्यांना बोलवायचं कसं, आणि त्यांनी नको म्हटलं तर थांबायचं कुठे, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. तुमच्यात अशा घरातून आलेल्या कुणी असतील, कुणाच्या आईने सुरुवातीला नको म्हणून नंतर हो म्हटलं असेल, किंवा शेवटपर्यंत नकोच म्हटलं असेल, तर चहाच्या वेळी मला येऊन सांगा. मी पुढच्या महिन्यात परत जाते आहे, तोवर लेकीकडेच आहे.